सहाच्या गाडीआधी लग्न

त्या रविवारी लेओंतीनच्या पदरात बरंच काही पडणार होतं: गोलकीपर नवरा, सासूचं शिवणयंत्र आणि सैनिकाच्या बायकोला सरकार देतं तो भत्ता. अडचण एवढीच की नवरदेव एल्वाला रजा संपवून सहाच्या गाडीने आघाडीवर परतायचं होतं, आणि लग्न लावणारे महापौर प्रुव्हो मैदानावरून हलत नव्हते. ऐन युद्धात फ्रान्सने पहिल्यांदाच देशभराचा फुटबॉल कप सुरू केला होता आणि आमचं गाव त्यात अजून टिकून होतं.

"साहेब, मॅच काय, नंतरही होते!"

"पोरी, लग्नही नंतर होतं. कप होत नाही."

पाच मिनिटं उरली तरी एक-एक. बरोबरी राहिली तर अर्धा तास जादा खेळ, म्हणजे लग्न पुढच्या रजेला. ती मिळाली तर. लेओंतीन पांढऱ्या झग्यात गोलमागे जाऊन उभी राहिली.

"एल्वा, सोड ना एक आत! सुटू एकदाचे."

"वेडी की काय? गाव माझी वरात थेट कबरस्तानात नेईल!"

"मग तिकडे जाऊन मार की! इथे काय माझं तोंड बघतोस?"

तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला. एल्वा आपला गोल उघडा टाकून धावला आणि त्याने डोक्याने चेंडू आत घातला. शिट्टी वाजताच महापौर सगळ्यांच्या आधी कचेरीत पोचले. चिखलाने माखलेल्या जर्सीतच नवरदेवाने होकार दिला.

हिशेब असा: पाहुण्यांचा कप गेला, महापौरांची उडवलेली हॅट कालव्यात गेली, लेओंतीनने मावशीकडून उसना आणलेल्या झग्याची झालर गेली. एल्वाच्या परतीचं भाडं तेवढं लष्कराने भरलं.