पाणी हललं तर

मी सास्तूरमध्ये घरी बसून, अजून न बांधलेल्या घरांची हुबेहूब चित्रं कॉम्प्युटरवर बनवते. चित्र मोठं असलं की आतलं ग्राफिक्स कार्ड तापतं आणि त्याचे पंखे घरघरायला लागतात. ती घरघर सुरू झाली की माझे सासरे, शरणबसप्पा आबा, ताटावरून उठून अंगणात जाऊन उभे राहायचे. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांची आई आणि दोन वर्षांची मुलगी गेली. तेव्हा जमीन अशीच घरघरली होती म्हणे.

सासरे अर्धपोटी उठतात म्हटल्यावर सुनेला घास कसा गोड लागेल? मी कार्डाचे मूळचे पंखे उपटले आणि पुण्याहून मागवलेले दोन मोठे, संथ फिरणारे पंखे केबल टायनं बांधले. आवाज गेला. मोबाईलवर मोजून खात्री केली, स्वतःची पाठही थोपटून घेतली. दुसऱ्याच दिवशी आबा तिसऱ्या घासाला उठले.

"आता कसला आवाज आला तुम्हाला?" मी तडकले.

"आवाज न्हाय पोरी. पानी बघ."

जेवताना ते पुढ्यात काठोकाठ भरलेला तांब्या ठेवत, पण त्यातलं पीत नसत. मला वाटायचं, म्हातारपणाची खोड. त्यांच्या जागेवर बसून पाहिलं, तर पाणी थरथरत होतं.

पेन्सिल घालून एकेक पंखा थांबवून पाहिला. खालचा थांबला की पाणीही शांत. मग टाय आवळले, सायकलच्या ट्यूबचे तुकडे मध्ये घातले, टेबल भिंतीपासून ओढलं. थरथर निम्मी झाली, पण गेली नाही. शेवटी मी हात टेकले. मशीन सुधारत नसेल तर माणूस सुधारू, असं ठरवलं.

"आबा, पाणी हललं तर माझं मशीन समजा. बिनघोर जेवा."

रोज हेच सांगायची. उठायला लागले की हात धरून खाली बसवायची. दोन महिन्यांनी आबा पाणी हललं तरी भाकरी मोडत राहिले. धाराशिवला नोकरीला असलेल्या नवऱ्याला मी फोन करून ते कौतुकानं सांगितलं.

गेल्या सोमवारी सकाळपासून लाईट नव्हती. दुपारी आबांना वाढून मी गॅसकडं वळले, तोच मांडणीवरची ताटं किणकिणली. मागं पाहिलं तर तांब्यातलं पाणी हलत होतं. आबा निवांत भाकरी कुस्करत होते.

"तुजं मशीन लागलं बघ," ते हसून म्हणाले.

मी मनगट धरून त्यांना फरफटत अंगणात आणलं. दोन-तीन क्षणांचा हिसका होता, थांबला. कुणाला काही झालं नाही. सगळी गल्ली आमच्याआधीच रस्त्यावर उभी होती. भूकंपानं पोळलेले आबाच तेवढे घरात बसून राहिले होते, आणि ते माझ्यामुळं.

"लाईट कवा गेली?" हातातला घास तसाच धरून त्यांनी विचारलं.

"सकाळीच."

मला शरमेनं वर बघवेना.

"आबा, आजच काढून टाकते ते पंखे."

"पंखे काढशील गं," ते म्हणाले. "पर माजं भ्याव काढलंस, ते परत कुठनं आनशील?"