बाबांच्या काठ्या

आईचं मांजर ठणठणीत बरं झालं तरी डॉक्टरांच्या फेऱ्या थांबेनात, तेव्हाच खरं तर चष्मेवाल्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण नाही आलं. दिवसभर दुसऱ्यांचे डोळे तपासणारा माणूस, आणि स्वतःच्या आईच्या घरात काय चाललंय ते दिसू नये, म्हणजे कमाल झाली! तो आईला भेटायला जावा, तर हे जनावरांचे डॉक्टर खिडकीपाशी बसलेले, मांडीवर ते धष्टपुष्ट मांजर घुरघुरतंय, आणि हा आपला भाबडेपणाने विचारतोय, "अजून औषध चालू आहे का हो?"

शेवटी आईच एका दुपारी त्याच्या दुकानात आली आणि फ्रेमच्या कपाटासमोर उभी राहून म्हणाली, "डॉक्टरांनी मला लग्नाचं विचारलंय."

त्याच्या हातातली काच पडता पडता वाचली.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मुलाशी बोलून सांगते." आईने उगाचच एक फ्रेम नाकावर चढवली आणि आरशात बघत राहिली. "हे बघ, बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. मला त्या घरात एकटीला करमत नाही. डॉक्टर मला आवडतात. पण तुझ्या मनात अढी ठेवून मला काही करायचं नाही. तू त्यांच्याबरोबर एक दिवस काढ. नाही पटले, तर मी नाही म्हणेन. तुझ्यावर रुसणारही नाही."

घ्या! म्हणजे आईचं उरलेलं आयुष्य याच्या हो-नाहीवर. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "लग्न तुला करायचंय की त्यांना? हो म्हण आणि मोकळा हो." पण मोकळं होणं या गृहस्थाच्या स्वभावातच नव्हतं. बाबांच्या खुर्चीत दुसरा कुणी बसलेला डोळ्यांसमोर आला की तो विषयच बदलायचा.

दिवस कुठे काढायचा तेही आईनेच ठरवलं. डॉक्टर म्हणे तीस वर्षं गोल्फ खेळत होते आणि बऱ्यापैकी खेळत होते. छोट्या घरात राहायला जाताना त्यांनी आपला काठ्यांचा सगळा संच भाच्याला देऊन टाकला होता.

"मग बाबांचा दे की त्यांना," आई म्हणाली. "माळ्यावर ठेवून काय करणार आहेस त्याचं?"

हे त्याला जरा लागलंच. पण रविवारी सकाळी तो माळ्यावर चढला, बॅग खाली काढली आणि गाडीत टाकली.

गोल्फचं मैदान गावाबाहेर, तासाभराच्या अंतरावर. आत शिरलं की दोन्ही बाजूंना निलगिरीची उंचच उंच झाडं, त्यांच्यामधून वाट, आणि वाटेच्या शेवटी क्लबची बैठी, लाल छपराची इमारत. बाबा आणि तो वर्षानुवर्षं इथेच खेळले. मैदान तसं साधं. पण प्रत्येक होल, म्हणजे एकेका खळग्यापर्यंतचा पट्टा, झाडांच्या दोन रांगांमध्ये असा बेतलेला, की शेजारच्या होलवर कोण खेळतंय त्याचा पत्ता लागू नये. कुंपणापलीकडे गाई चरायच्या. बाबा म्हणायचे, माणसाने चेंडू मारावा, हरवावा आणि शोधायच्या निमित्ताने झाडाखाली निवांत उभं राहावं. बाबा गेल्यावर त्याचं इथे येणं कमीच झालं होतं.

डॉक्टर आधीच येऊन थांबले होते. इस्त्रीची पँट, डोक्यावर टोपी, चेहऱ्यावर परीक्षेला बसलेल्या पोरासारखे भाव. त्याने डिकी उघडली, बॅग काढली, रुमालाने तिच्यावरची धूळ पुसली.

"या बाबांच्या काठ्या," तो म्हणाला. त्यांच्या घरात गोल्फच्या काठीला क्लब कुणी म्हणत नसे. "ते गेल्यापासून यांना कुणी हात लावलेला नाही."

डॉक्टरांनी एक काठी उपसली. तिचं डोकं निरखून बघितलं. मग दुसरी उपसली, तीही बघितली. मग त्याच्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"फार छान जपल्यात," ते म्हणाले. "चला."

पहिला फटका चष्मेवाल्याने मारला. सरळ, मधोमध. मग डॉक्टर उभे राहिले. पाय हलवले, परत हलवले, कंबर वाकवली, काठी उगारली आणि अशी काही फिरवली की टोपी एकीकडे, ते एकीकडे आणि चेंडू जिथल्या तिथे!

"एक," डॉक्टर मोठ्याने म्हणाले.

दुसऱ्यांदा मातीचं ढेकूळ उडालं. "दोन." तिसऱ्यांदा चेंडू घरंगळत जाऊन गवतात बसला. "तीन! निघालो एकदाचे."

चष्मेवाला बघतच राहिला. तीस वर्षं? हा माणूस तीस मिनिटंसुद्धा खेळलेला नव्हता. पहिल्यांदा काठी हातात धरणारे असेच उभे राहतात, आपलेच हात आपल्याला परके असल्यासारखे. म्हणजे डॉक्टरांनी आईला चक्क थापा मारल्या होत्या. तिच्यावर छाप पाडायला. त्याच्या कपाळावर आठी चढली ती चढलीच.

पुढे तर विचारूच नका. दुसऱ्या होलवर डॉक्टरांचा चेंडू तळ्यात गेला, बदकं कलकलाट करत उडाली आणि डॉक्टरांनी टोपी काढून त्यांची माफी मागितली. चौथ्यावर ते वाळूच्या खड्ड्यात उतरले आणि इतका वेळ वर आले नाहीत, की मागून येणाऱ्या दोघी बायकांना पुढे जाऊ द्यावं लागलं. त्यातल्या एकीने जाताना चष्मेवाल्याला दिलासा दिला, "शिकवताय वाटतं त्यांना? जमेल हो हळूहळू." त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर मात्र खुशीत होते. घामाने निथळत होते, पण खुशीत. मध्येच थांबून निलगिरीची गळलेली साल चुरून तिचा वास घेत होते. कुंपणापाशी जाऊन एका गाईचं कपाळ खाजवून आले. "काय जागा आहे हो ही!" ते म्हणाले. "तुमचे बाबा नशीबवान."

एका गोष्टीचा मात्र त्याला उलगडा होत नव्हता. गोल्फमध्ये पंच नसतो. आपले फटके आपण मोजायचे आणि खरे सांगायचे, एवढाच काय तो कायदा. खोटं बोलणाऱ्याला इथे रान मोकळं. आणि हा थापाडा माणूस एकेक फटका मोठ्याने मोजत होता! झाडांच्या आड, जिथे कुणी बघत नव्हतं तिथूनही आवाज यायचा, "सात! हवेतला धरून आठ!" आईशी एवढं खोटं बोलायचं आणि इथे असल्या बारीकसारीक गोष्टीत सत्यवचनी व्हायचं? कशाचा कशाला मेळ नाही.

तरी त्याचा निर्णय झाला होता. 'आई, माणूस हसरा आहे, पण खोटारडा आहे.' वाक्य तयार होतं. ते ऐकून आईचा चेहरा कसा होईल तेही त्याला दिसत होतं. ती म्हणेल, बरं. एवढंच म्हणेल. आणि मग त्या घरात ती आणि ते मांजर. त्याला फार वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

चौदाव्या होलवर त्याचा स्वतःचा फटका भरकटला. चेंडू झाडांत शिरला. जाऊन बघतो तर एका जाड बुंध्याला अगदी चिकटून बसलेला. बुंधा चेंडूच्या उजव्या बाजूला, म्हणजे त्याला जिथे उभं राहायचं होतं नेमका तिथेच. त्याने इकडून बघितलं, तिकडून बघितलं. झाडातून आरपार जाता आलं असतं तरच फटका मारता आला असता.

"गेला," तो वैतागून म्हणाला. "दंडाचा फटका घेऊन बाहेर काढतो आता."

डॉक्टर शेजारी येऊन उभे होते. "गंमत म्हणून एक करू?" त्यांनी विचारलं. "तुमचा चेंडू उचला. माझा तिथे ठेवतो. मोजायचा नाही हं हा."

त्याने खांदे उडवले. आता आणखी काय व्हायचं राहिलं होतं?

डॉक्टर चेंडूच्या दुसऱ्या बाजूला गेले. तिथे ऐसपैस जागा होती. त्यांनी बाबांची काठी हातात उलटी फिरवली, डोक्याचं टोक जमिनीकडे केलं, पाय रोवले. आणि एकदम तो माणूसच बदलला. सकाळपासूनची ती सगळी धडपड कुठल्या कुठे गेली. काठी सावकाश मागे गेली, पुढे आली, ठक असा स्वच्छ आवाज झाला, आणि चेंडू फांद्यांच्या खालून, दोन झाडांच्या मधून, सरसरत जाऊन खळग्याभोवतीच्या हिरवळीच्या, ग्रीनच्या, कडेला थांबला.

चष्मेवाल्याचा आ वासलेला तसाच राहिला.

"डॉक्टर," तो कसाबसा म्हणाला, "तुम्ही उजव्या हाताने खेळता?"

"जन्मापासून."

"आणि या काठ्या..."

"डावखुऱ्याच्या आहेत."

अरे देवा! असं बघा, त्यांचं सगळं घर डावखुरं. बाबा डावखुरे, आई डावखुरी, हा डावखुरा. बाबांनी काठी हातात दिली तीही डावखुरी, आणि तो जन्मभर खेळला तो फक्त बाबांबरोबर. काठीला बाजू असते हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दाराला कुठल्या बाजूने बिजागरी आहे हे आपल्या घरात कोण बघत बसतं? त्याची बायको उजव्या हाताची. लग्न होऊन आल्यापासून ती ओरडत होती, की या घरातल्या कात्रीने माझ्या बोटाला घट्टे पडले. तेही त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. आणि आज तीस वर्षं उजव्या हाताने खेळलेल्या माणसाला त्याने डावखुऱ्या काठ्या दिल्या आणि वर त्यालाच खोटारडा ठरवून बसला.

"अहो, मग बोलला का नाहीत?" तो जवळजवळ ओरडलाच. "सकाळपासून तळ्यात, खड्ड्यात, बायका हसून गेल्या..."

डॉक्टर टोपीने वारा घेत होते. "तुम्ही बॅगेवरची धूळ पुसलीत," ते म्हणाले. "मग म्हणालात, ते गेल्यापासून यांना कुणी हात लावलेला नाही. आता त्यावर मी काय सांगू, की बाजू चुकली? तुम्हाला देताना किती जड गेलं ते दिसत होतं मला. म्हटलं, दिल्यात ना त्यांनी, मग याच घेऊन खेळायचं. एक दिवस हसं झालं माझं, तर काय बिघडलं?"

चष्मेवाला बुंध्याला टेकून उभा राहिला. त्याला लाज वाटत होती. आणि त्याच वेळी त्याला हसू फुटलं, ते आवरेना. डॉक्टरही हसू लागले. कुंपणापलीकडच्या गाई माना वर करून बघायला लागल्या.

उरलेले होल त्यांनी मोजमाप सोडून खेळले. तो उलट्या हाताने मारून बघायचा आणि डॉक्टर त्याला शिकवायचे, "अहो, तो हात नाही, दुसरा!" ऊन कलतं झालं होतं, झाडांच्या लांब सावल्या गवतावर आडव्या पसरल्या होत्या. इतका वाईट आणि इतका मजेत तो आयुष्यात कधी खेळला नव्हता.

क्लबच्या व्हरांड्यात आई बसलेली होती. घरी धीर धरवला नसणार, बस पकडून आली होती. समोरचा चहा गार झाला होता. दोघांना हसत येताना बघून ती उठली, पण हसली नाही. मुलगा वरवर हसतो आणि आत भलतंच असतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

"आई," तो खुर्ची ओढत म्हणाला, "डॉक्टर उजव्या हाताचे आहेत हे तुला ठाऊक होतं?"

"हो. म्हणजे, असतीलच की." मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! आणि मीच म्हटलं, बाबांचा संच दे म्हणून!"

"बघा," डॉक्टर म्हणाले. "घराणंच तसं आहे हे."

आई हसली, पण क्षणभरच. टेबलावर तिने मुलाच्या मनगटावर हात ठेवला. डॉक्टर उगाचच चमच्याशी चाळा करू लागले.

"मग?" आईने हळूच विचारलं. "काय म्हणतोस?"

सकाळपासून तयार केलेलं वाक्य त्याला आठवलं आणि कसंतरीच झालं. दुसरं काही तयार नव्हतं. तो सुचेल तसं बोलत गेला. "बाबांच्या काठ्या यांना चालत नाहीत, आई. चालणारही नाहीत. त्या मी घरी नेतो, माझ्याकडेच राहू देत." आईचा हात सैल पडला. त्याने तो घट्ट धरला. "ऐक ना पुढे. बाबांच्या जागी कुणी येऊन बसणार म्हणून मी घाबरलो होतो. पण हे तिथे बसायला आलेलेच नाहीत. यांना यांची वेगळी जागा लागणार. ती आपण करू. माझं हो आहे."

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. तिने ते पुसलंही नाही. तशीच डॉक्टरांकडे वळली आणि म्हणाली, "माझंही."

डॉक्टर उठले, बसले, पुन्हा उठले. मग त्यांनी आईकडे हात पुढे केला आणि मध्येच थांबून चष्मेवाल्याकडे बघितलं, चालेल ना, अशा नजरेने.

चष्मेवाल्याने खुर्ची वळवली, दोघांकडे पाठ केली आणि तो झाडं बघत बसला. झाडं खरंच फार सुंदर दिसत होती.