टेकडीमागची दोनशे बारा घरं

नकाशातल्या आकृत्या तपासणाऱ्या बाईंना ऑफिसात सगळे ‘खुसपट’ म्हणत, तेही तोंडावर. बाईंना त्याचं काही वाटत नसे. खुसपटं काढणं हेच त्यांचं काम होतं, आणि त्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आज दुपारी बारापासून शहरातल्या रुग्णवाहिका नव्या नकाशावर धावणार होत्या. फोन आला की घर कोणत्या हद्दीत येतं ते संगणक बघणार आणि त्या हद्दीची गाडी पाठवणार. तीनशे चाळीस हद्दींपैकी एकच अडून बसली होती, टेकडीमागच्या वस्तीची. तिच्या दोन कडा एकमेकींना छेदत होत्या, आणि अशी आकृती संगणक आत घेत नाही.

“दुरुस्तीचं बटण दाबा आणि मोकळ्या व्हा,” साहेब म्हणाले. अकरा वाजून गेले होते.

बाईंनी दाबलं. ‘आकृती वैध’ असा हिरवा शेरा आला. साहेब खूश झाले, पण बाईंचा जीव काही भांड्यात पडेना. त्यांनी हद्दीतली घरं मोजली. दोनशे बारांपैकी फक्त सत्त्याण्णव! छेद गेला होता तिथे संगणकाने चौकोनाचे दोन त्रिकोण करून टाकले होते आणि उरलेली वस्ती बाहेर ठेवली होती.

“साहेब, एकशे पंधरा घरांना गाडीच मिळायची नाही!”

“अहो, वेळ कुठे आहे आता?”

बाईंनी सख्ख्या मामांना फोन लावला. मामा मोजणीदार, आणि ही हद्द त्यांनीच पायी फिरून मोजलेली.

“मामा, टेकडीमागच्या वस्तीच्या कडा तिसऱ्या कोपऱ्यापासून उलट्या पडल्यात. तिथे काय झालं होतं हो?”

“कुत्रा!” मामा गरजले. “अंगावरच आला मेला! मग आधी पुढचा कोपरा उरकला, मालकिणीने त्याला बांधल्यावर मागे येऊन हा घेतला. पण मोजलंय चोख हं!”

चोखच होतं, फक्त क्रम उलटा लागला होता. बाईंनी तिसऱ्या-चौथ्या कोपऱ्यांची अदलाबदल केली आणि पुन्हा तपासलं. वैध. मग घरं मोजली.

“दोनशे बारा! सगळीच्या सगळी!” बाई एवढ्या ओरडल्या की पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली. बाराला पाच मिनिटं कमी होती.

एकच्या सुमारास त्या वस्तीतून पहिला फोन आला. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. बाईंनी घर शोधलं, तर ते त्या एकशे पंधरांतलंच. गाडी मात्र केव्हाच निघाली होती.

संध्याकाळी दवाखान्यातून निरोप आला तेव्हा बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुन्हा फोन लावला.

“मामा, तुमच्या हद्दीत आज एक माणूस वाढलं. मुलगी झाली!”