सोप्यातली नवी फरशी

बाबरांच्या सोप्यात मधोमध नवी फरशी उगवायला लागली, तेव्हा मालनने आधी ती पुसून बघितली. पुसून जाण्यातली ती नव्हती. दोन शहाबादींच्या मधल्या सांध्यातून काळ्या दगडाची बोटभर पट्टी वर आली होती, आणि हात लावला तर तव्यासारखी चटका देत होती. मालनने फडकं पिळलं, बादली उचलली आणि नवऱ्याला सांगितलं की सांधा फाकलाय, गवंड्याला बोलवा. उत्तमराव खुर्चीत बसले होते. ते बरं म्हणाले आणि बसून राहिले.

हे बसणं त्यांच्या अंगचं नव्हतं. माणूस एसटीचा ड्रायव्हर, उभा जन्म पाटणच्या घाटातून गाडी हाकण्यात गेलेला. रिटायर झाल्यावरसुद्धा पाय घरात ठरत नसे. कुणाची मोटर नादुरुस्त झाली, कुणाची म्हैस अडली, की हे हजर. मग प्रणाली गेली आणि ते बसले. एकुलती एक पोर, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत सगळं आटोपलं.

तिला सोप्यात जिथे ठेवलं होतं, तिथे रीतीप्रमाणे दिवा लावला, शेजारी पीठ पसरलं आणि पिठावर पाटी पालथी घातली. दहाव्याला पाटी उचलायची आणि पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघायचं, म्हणजे गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. भावकीतली जाणती माणसं त्यासाठी चहा पिऊन, मिशा पुसून तयार होती. उत्तमरावांनी कुणी वाकून बघायच्या आत पाटी भिरकावली आणि ते पीठ तळहाताने चोळून चोळून फरशीच्या सांध्यात घातलं. माझी पोरगी चिमणी झाली का गाय झाली हे मला कुणी सांगायचं नाही, असं म्हणाले. भावकी फणकाऱ्याने उठून गेली. काळी पट्टी निघाली ती त्याच सांध्यातून.

गवंडी आला, त्याने पट्टीच्या दोन्ही कडांना सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी बघावं तर काळी पट्टी दुप्पट झालेली आणि सिमेंटची एक रेघ इकडे, एक तिकडे सरकलेली. गवंड्याने उकिडवं बसून बराच वेळ ते न्याहाळलं. ही फरशी खालून येतेय, माझं काम वरून टाकायचं, एवढं बोलून त्याने थापी धुतली आणि गेला. त्याचंही बरोबरच होतं म्हणा.

फरशी नखं वाढतात तशी नकळत वाढत होती. नखं वाढलेली दिसतात, वाढताना कुणाला दिसत नाहीत. मालनला कळलं ते असं की जेवायला हाक मारताना तिला आवाज चढवावा लागायला लागला. सोप्याचे दोन भाग झाले होते. देव्हारा, चूल आणि दाराकडचा भाग तिच्याकडे राहिला. उत्तमरावांची खुर्ची, टीव्ही आणि प्रणालीचं लोखंडी कपाट मागच्या भिंतीकडे चाललं. ती भिंत बाबरांची आणि शेजारच्या जगदाळ्यांची मिळून एकच होती. ती जागची हलली नाही. तिला तडाही गेला नाही. बाबरांची फरशी तिच्याखालून निमूट आत जात राहिली, आणि फरशीवरचं जे भिंतीपर्यंत पोचेल तेही वाकून खाली जात राहिलं.

खाली जाताना फरशी कधी अडायची. मग घर कण्हायचं, आणि अडलेली फरशी सुटली की मांडणीवरची भांडी वाजायची. दुसऱ्या मुलखात माणसं अंगणात पळाली असती. पण कोयनेच्या काठी हादऱ्याचं कुणाला काय कौतुक? भांडी वाजली की लोक भांड्यांना हात लावतात आणि अर्ध्यावर राहिलेलं बोलणं पुढे चालू करतात. त्यामुळे बाबरांच्या घरात काय चाललंय हे विचारायला कुणी आलं नाही.

कपाट गेलं तो दिवस मालन रडली. प्रणालीचे कपडे, तिची वह्यापुस्तकं, यात्रेतल्या बांगड्या, सगळं त्यात होतं. ती कपाट ओढायला धावली तर ते भिंतीच्या बुडाशी गुडघ्यात मोडलं, तिच्या देखत अंग चोरून खाली शिरलं. उत्तमराव बघत होते. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

जगदाळ्यांकडे मात्र आनंदीआनंद होता. त्यांची जमीन गरम झाली. कांता जगदाळे गॅस न पेटवता अंघोळीचं पाणी काढायला लागली, घरातल्या घरात पापड वाळवायला लागली, आणि तिच्या नवऱ्याचे गुडघे औषधाविना सुधारले. मग त्यांच्या परड्यात एक उंचवटा आला. आधी कोंबड्या त्यावर बसायच्या, पुढे कोंबड्यांनाही चढवेना इतका तो वाढला. कांता म्हणाली, आमच्या परड्यात डोंगर होतोय, नशीब लागतं.

मालनने तिला वाटीभर चटणी दिली होती. ती वाटी परत करायला कांता आली. रिकामी वाटी परत करायची नसते, आणि घरात साखर संपलेली, म्हणून कांताने वाटीत उंचवट्यावरचे खडे घालून आणले होते. काळे, भोकाभोकांचे आणि इतके हलके की बादलीत टाकले तर तरंगायचे.

"वजरी करा, वैनी," ती म्हणाली. "टाचंला लई चांगली."

मालनने एक खडा उचलला. त्याच्या भोकांतून वितळलेली हिरवी काच दिसत होती. बांगडीची. तिने तो नाकाशी नेला, आणि प्रणालीच्या शिकेकाईचा वास आला. जळका, पण तोच. कांता जाईपर्यंत मालन नीट बोलली. ती गेल्यावर वाटी धरून खाली बसली. इकडे जे खाली जातं ते तिकडे वर येतं, पण तेव्हा ते ते राहिलेलं नसतं. मालन मनातून पार हबकली. मुलीसाठी नाही. मुलीला आता काही होणार नव्हतं. खुर्चीपासून भिंत आता फार लांब नव्हती.

त्याच आठवड्यात फरशीतून पाऊल निघालं.

फरशी सांध्यातून बाहेर येताना मऊ असते. त्या मऊपणातच ते उमटून आलं, अनवाणी, उजवं. सांधा बरोबर त्याच्या मधून जात होता. पुढचा अर्धा भाग मालनच्या बाजूला गेला, मागचा अर्धा उत्तमरावांच्या बाजूला, आणि दोन्ही अर्धे गार होऊन पक्के झाले. मालनच्या अर्ध्यात पाच बोटं होती आणि करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. अशी करंगळी त्या घरात एकीचीच होती. उत्तमरावांच्या अर्ध्यात टाच होती, आणि टाचेवर सायकलच्या चाकात पाय गेला होता त्याची खूण.

उत्तमरावांनी खुर्ची उचलली आणि त्या टाचेशी नेऊन ठेवली. कितीतरी दिवसांनी ते हसले. ती आपल्याकडे आली, कुठे जात नसते ती, असं म्हणाले आणि पुन्हा बसले. आता ते जेवायलाही उठेनात. मधली काळी फरशी ओसरीएवढी रुंद झाली होती आणि सांध्यापाशी तर पाय भाजायचे. मालन ओलं पोतं अंथरून त्यावरून ताट घेऊन जायची. त्यांची बाजू गार पडत चालली होती. ती जितकी गार व्हायची तितकी जड व्हायची, आणि भिंतीकडे कलायची. ताटातली आमटी भिंतीच्या बाजूला जमायची. ते ताट हाताने सरळ धरून जेवायचे.

शेवटी मालन त्यांच्यासमोर बसली.

"अहो, इकडं चला. तुमची बाजू चाललीया."

"मी कुठं चाललोय? मी बसलोय नव्हं का."

"भिंत बघा किती जवळ आली."

"भिंत येत आसंल. मी न्हाई हललो." मग त्यांनी तिला समजावलं, फार मायेने. "तीस वर्सं गाडी चालवली मी. गाडीतला माणूस हलत नसतो, मालन. रस्ता हलतो."

तिने हात धरून ओढलं. ते उठले नाहीत. या टाचेला एकटी सोडून मी येणार नाही, असं म्हणाले. मालनला त्यांचा राग आला आणि रागापेक्षा जास्त कीव आली. त्या टाचेच्या मागे आता जेमतेम टीव्ही आणि खुर्ची मावतील एवढीच जागा उरली होती. फरशी अडून बसली होती आणि घर सकाळपासून कण्हत होतं.

मालन आपल्या बाजूला परत आली. तिने परातीत कणीक घेतली आणि घट्ट मळली. आपल्याकडच्या अर्ध्या पावलात ती दाबून बसवली, कडेने चाकू फिरवला आणि अलगद उचलली. पाच बोटं, चढलेली करंगळी आणि मागे सांध्याची सरळ कड, सगळं कणकेत आलं. तो गोळा दोन्ही हातांवर धरून ती पोत्यावरून पलीकडे गेली आणि नवऱ्याच्या मांडीवर ठेवला.

उत्तमरावांनी चष्मा लावला. करंगळीवरून अंगठा फिरवला. मग खाली वाकून त्यांनी ते अर्धं पाऊल टाचेला लावून बघितलं. त्यांना ते आपल्याकडे तोंड करून हवं होतं. तसं बसेना. कणीक उलटी करून बघितली, आडवी करून बघितली. एकाच बाजूने कड जुळत होती, आणि तशी जुळली की बोटं देव्हाऱ्याकडे, चुलीकडे, मालनच्या बाजूला होत होती.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"ती माझ्याकडं आली न्हाई," ते म्हणाले. "ती हितनं उठून गेलीया."

"व्हय," मालन म्हणाली. "तुम्हीबी उठा."

तिला वाटलं होतं ते मोडून पडतील. पण त्यांच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. त्यांनी कणीक टाचेपाशीच राहू दिली, खुर्चीच्या हातांवर जोर दिला. गुडघे वाजले. धूळ झटकावी तसा त्यांनी पायजमा झटकला आणि मालनकडे बघितलं. त्या बघण्यात तिला आपला जुना नवरा दिसला, म्हैस अडली म्हणून निघणारा. तिचा जीव भांड्यात पडला.

"पोतं एकच हाय. तू हो फुडं," ते म्हणाले. "च्या ठेव. आलोच."

मालन पोत्यावरून पुढे आली, सांधा ओलांडून आपल्या बाजूला पाय टेकला आणि पोतं मागे लोटलं. उत्तमरावांनी त्यावर पाऊल टाकलं. त्याच वेळी अडलेली फरशी सुटली.

मांडणीवरची सगळी भांडी एकदम वाजली. सांधा हातभर उघडला आणि काळी फरशी वर यायला लागली, नखांसारखी नकळत नाही, चालत्या माणसाच्या वेगाने. अर्धी मालनकडे, अर्धी उत्तमरावांकडे. पोतं त्यांच्या पायाखालून मागे गेलं. त्यांनी वहाणांशिवाय पुढचं पाऊल टाकलं, मग त्याच्या पुढचं.

भिंतीपलीकडून कांताने रोजच्यासारखी हाक मारली. "वैनी, हादरा जाणवला का?"

"जाणवला," मालन म्हणाली.

तिचीही बाजू मागे चालली होती, म्हणून तीही चालायला लागली होती, नवऱ्याकडे हात पुढे करून. देव्हारा तिच्या मागे लांब गेला, चूल लांब गेली. ती वळली नाही. समोर उत्तमराव चालत होते, नीट, घाई न करता, डोळे तिच्यावर ठेवून. कपाळावर घाम होता. ते लहान दिसत नव्हते आणि मोठेही दिसत नव्हते, मधलं अंतर तेवढंच राहत होतं. मधून निघणारी फरशी कोरी होती आणि तिच्यातून वाफ येत होती.

"आलोच," ते पुन्हा म्हणाले.

त्यांच्या मागे टीव्ही भिंतीखाली गेला, मग खुर्ची गेली, मग टाच गेली, मग ज्या जागेवर पाय टाकून ते पुढे आले होते ती जागा गेली, आणि ते चालत होते.