उतारावर काय

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणाऱ्या माणसाला गाड्यांमधलं इतकं कसं कळतं, याचं गल्लीत आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. नंबर काढायला आलेलं गिऱ्हाईक समोरची अक्षरं वाचता वाचता गाडीचं मॉडेल ठरवून बाहेर पडायचं. कुठली गाडी वळणावर अंग टाकते, कुठलीचा क्लच वर्षभरात राम म्हणतो, कुठली नुसती दिसायला देखणी, हे तो भिंगाची कड घासता घासता सांगत राही. आणि सांगताना त्याचा आवाज असा लागे, की उलट विचारायची कुणाची छाती होत नसे. सगळे त्याला गॅरेजमामा म्हणत. खरा मामा तो एकाच मुलीचा होता.

ही भाची नर्स होती. डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये फिरून बाळंतिणी आणि तान्ही मुलं तपासायचं तिचं काम. गाडी चालवायला तिला मामानंच शिकवलं होतं. तिची जुनी छोटी गाडी शेवटच्या चढावर हात टेकायची; पुढची दोन चाकं चिखलात जागच्या जागी गरगरायची, आणि मग पोरगी वजनकाटा खांद्याला अडकवून उरलेलं अंतर पायी चढायची. म्हणून नव्या गाडीचा विषय निघाला आणि अर्थातच मामाला बोलावणं गेलं.

तिचे वडील, म्हणजे मामाचे भाऊजी, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेले, मोजून बोलणारे गृहस्थ. त्यांचं म्हणणं एवढंच, की आहे त्या गाडीला चार उत्तम टायर घालावेत आणि बघावं. मामा हसला. त्यानं जेवणाच्या टेबलावर ताट ठेवलं, ताटाखाली चार वाट्या ठेवल्या आणि दोन चाकं घसरली तरी उरलेली दोन गाडी कशी वर ढकलतात, याचं प्रात्यक्षिक दाखवलं. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडीच हवी, नाहीतर मुलीला डोंगरावर पाठवूच नये, इथपर्यंत तो गेला. मुलीची आई, म्हणजे त्याची ताई, तर केव्हाच त्याच्या बाजूची झाली होती.

"चढावर ठीक आहे," भाऊजी म्हणाले. "उतारावर काय?"

इथे मामानं खरं बोलायला हवं होतं. खरं त्याला पाठ होतं. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. निघायला आणि चढायला चार चाकांची ओढ कामी येते, थांबायला नाही. ओल्या उतारावर गाडी थांबवतो तो टायर, आणि गाडी जड असली तर टायर आणखी चांगला लागतो. दुकानात हे त्यानं शंभर जणांना ऐकवलं असेल. पण ते इथे बोलायचं म्हणजे टायरचा मुद्दा भाऊजींच्या पदरात टाकायचा, तोही त्यांच्याच टेबलावर, ताईच्या देखत. शिकलेल्या, मान असलेल्या त्या माणसापेक्षा वरचढ ठरायला मामाला आयुष्यात ही एवढी एकच जागा होती.

"चारही चाकं रस्ता धरून असतात, भाऊजी. डोळे मिटून उतरायचं," तो भाचीकडे बघत म्हणाला.

गाडी आली, जुनीच पण दणकट. टायर घासलेले होते. पुढच्या वर्षी बघू, असं मामाच म्हणाला.

चौथ्या महिन्यात एका ओल्या सकाळी ती वस्तीवरून खाली येत होती. वळणावर तिनं ब्रेक दाबला, स्टिअरिंग फिरवलं, आणि गाडी वळायचं नाव न घेता सरळ दगडी कठड्यावर जाऊन आदळली. तिचं मांडीचं हाड मोडलं. रस्त्यावर दुसरं कुणी नव्हतं, हे नशीब. तपासाच्या कागदावर लिहिलं गेलं, की चूक चालवणाऱ्याची.

त्यानंतर मामाचं गाड्यांवर बोलणं बंद झालं. भाचीचं दुःख मनाला लागलंय, असं म्हणून गल्लीनं ते समजून घेतलं. तो दर रविवारी फळं घेऊन जायचा, तिला खोलीतल्या खोलीत चालवायचा, जगातल्या सगळ्या गोष्टी बोलायचा. एकदा तिनं विचारलं होतं, "मामा, माझं नेमकं काय चुकलं असेल रे?" तेव्हा त्यानं आता नको तो विचार म्हणून तिच्या हातावर संत्र्याच्या फोडी ठेवल्या होत्या. त्या रात्रीपासून त्याला झोप म्हणून लागेना.

तेराव्या रविवारी तो गेला, तेव्हा टेबलावर एक अर्ज होता. वस्त्यांचं काम सोडून दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसण्याचा. उद्या द्यायचा होता, फक्त सही राहिली होती. भाऊजी लेकीला समजावत होते, की प्रत्येकाला गाडी जमतेच असं नाही, त्यात कमीपणा कसला. ती मान हलवत होती. डोंगरावरच्या तान्ह्या मुलांची नावं जिला तोंडपाठ होती, ती मुलगी निमूटपणे मान हलवत होती. मामाला ते बघवेना.

"सही करू नकोस," तो म्हणाला. "भाऊजी, तुम्ही विचारलं होतंत, उतारावर काय म्हणून. मला उत्तर माहीत होतं. चार चाकांचा थांबायला उपयोग नसतो. टायर लागतात. तुमचं बरोबर होतं. हरायचं नव्हतं, म्हणून मी खोटं बोललो."

ताई उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. भाऊजींनी चष्मा काढून हातात धरला. तुला जास्त कळतं म्हणून मी पुढे विचारलं नाही, एवढंच ते हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर मामाला सोपं गेलं असतं.

भाचीनं पेन खाली ठेवलं. "म्हणजे ब्रेक मी वेळेवर दाबला होता?"

"वेळेवर दाबला होतास. त्या टायरांवर गाडी थांबलीच नसती."

"आणि वेग?"

"जास्त होता. तो तू माझ्या शब्दावर ठेवलास."

अपघातानंतर ती एकदाही रडली नव्हती, आता रडली. मग डोळे पुसून तिनं अर्जाची घडी केली आणि वडिलांना सांगितलं, की पाय बरा झाला की मी वस्त्यांवर परत जाणार, गाडी कुठली आणि टायर कुठले ते तुम्ही ठरवा. भाऊजींनी होकार दिला. मामा बोलला होता त्यासाठीच. त्याच्या जिवाला तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मग ती त्याच्याकडे वळली.

"तेरा रविवार तू माझ्यासमोर बसलास, मामा. मी तुला विचारलंसुद्धा. आणि मी रोज ब्रेकवरच्या माझ्या पायाला दोष देत होते."

"हो," मामा म्हणाला.