टाकीचा चढ, तिसरा गिअर

बसस्टँडला जायला खालचा रस्ता सरळ होता, तरी बाबांनी गाडी पाण्याच्या टाकीच्या चढाकडे वळवली.

“इकडून कशाला? लांब पडतं,” ती म्हणाली.

“पडू दे. तुझी बस काही पळून जात नाही.”

तिच्या मांडीवर प्रुफांचा गठ्ठा होता. ती मुद्रितशोधक, त्यामुळे दुसऱ्यांच्या चुका शोधायला तिला जागा-वेळ लागायची नाही. चढाच्या मध्यावर, वळणापाशी, तिने मान वर केली. या वळणावर ही जुनी डिझेल गाडी कायम रडायची. बाबा तिला चुचकारत दुसऱ्या गिअरवर आणायचे आणि मागे काळा धूर सोडत ती कशीबशी माथा गाठायची. आज बाबांचा हात गिअरकडे गेलाच नाही. तिसऱ्यावरच गाडी वळली आणि अशी निघाली की तिची पाठ सीटला टेकली. मागे धूरही नव्हता.

बाबांनी रस्त्यावरची नजर न हलवता विचारलं, “काही फरक वाटतो?”

“कसला?”

“काही नाही. सहज विचारलं.”

बाबांच्या ‘सहज’ची तिला धास्ती होती. मागे असंच सहज म्हणत त्यांनी घरातला चालू पंखा खोलला होता आणि सगळा उन्हाळा आत्याने पुठ्ठ्याने वारा घेत त्यांचा उद्धार केला होता. आता यांनी गाडीत काय उद्योग करून ठेवलाय? हो म्हटलं की सगळं पुराण ऐकावं लागणार.

“नाही. आहे तशीच आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा पानात डोकं घातलं.

स्टँडवर बाबांनी तिची बॅग उतरवून दिली, पाण्याची बाटली भरून आणली. “पोचलीस की कळव,” म्हणाले. तिने कळवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चढाच्या माथ्यावर, गाडीतच, बाबा गेले. चढावरच्या इस्त्रीवाल्याने त्यांना पाहिलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय बंद पडलं.

भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरली, तेव्हा ती अंगणात उभ्या गाडीपाशी गेली. बॉनेट उघडलं. इंजिनचं तिला फारसं कळत नव्हतं, पण जुन्या, तेलकट भांड्यांत चार नवी कोरी भांडी कुणी ठेवली तर कुणालाही दिसतात. डिझेल फवारणारे चार चकचकीत इंजेक्टर, इंजिनात जादा हवा कोंबणारा नवा टर्बो, पुढे हवा थंड करणारी रुंद जाळी.

“आत्या, बाबांनी गाडीला काय केलं होतं?”

“सर्व्हिसिंग म्हणाला मला. महिनाभर चाललं होतं. मी म्हटलं, अरे, सर्व्हिसिंग करतोयस की बाळंतपण?” आत्या हसायला गेली आणि पदराने डोळे पुसू लागली. “तो इंजेक्टर बनवणारा नोझलवाला यायचा ना. दोघांची नुसती खुसुरफुसुर. मी चहा घेऊन गेले की गप्प.”

ते ऐकून तिच्या मनात पाल चुकचुकली. आयुष्यभर बाबांनी शाळेची बस चालवली. बसला वेग बांधणारा गव्हर्नर होता आणि पुढे कितीही मोकळा रस्ता असला तरी बस चाळिशीच्या वर जायची नाही. असा माणूस या वयात आपल्या गाडीला पंख लावायला जातो? की कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवतं?

ती वाचत सुटली. वाचायची तिला सवयच होती. टर्बोचं सील फुटलं तर डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन सुसाट सुटतं, किल्ली फिरवली तरी थांबत नाही, असं तिने वाचलं आणि फोन पालथा ठेवला. चढावर, सुटलेल्या गाडीत, एकटे बाबा. ते चित्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलेना.

नोझलवाला आला तो त्याच दिवशी. पन्नाशीचा, पोट सुटलेला, खिशाला चार पेनं. आत्याला हात जोडले, खुर्चीच्या कडेवर टेकला. दोन शब्द बाबांबद्दल बोलला आणि तिच्याकडे वळला.

“ताई, गाडीची किल्ली मिळेल का? जरा काम राहिलंय.”

“कसलं काम?”

“बारीकसंच आहे. आत्ता घेऊन जातो, संध्याकाळी आणून देतो.”

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. अंगणात अजून बाबांच्या चपला तशाच होत्या. “किल्ली सापडत नाहीये,” ती म्हणाली. किल्ली तिच्या पर्समध्ये होती.

तो गेल्यावर आत्या म्हणाली, “दिली असतीस. बिचारा कामाचा माणूस आहे.”

“कामाचाच आहे. केलेलं काम पुसायला आला होता.”

सकाळी तिने स्वतःच गाडी काढली. चढाचा रस्ता टाळला. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन अडखळत होतं, ठसका लागलेल्या माणसासारखं. तिची खात्रीच पटली.

नोझलवाल्याचं दुकान दोन खोल्यांचं होतं. बाहेर डिझेलचा वास, आत काचेमागे धूळ येऊ नये म्हणून बंद ठेवलेली खोली. तिथे इंजेक्टर तपासायचं यंत्र आणि त्याखाली रांगेने काचेच्या नळ्या. गाडीचा आवाज ऐकूनच तो बाहेर आला.

“सापडली वाटतं किल्ली,” तो म्हणाला.

“हे सगळं त्यांच्या डोक्यात कुणी भरवलं?”

“कुणाच्या? काकांच्या?” तो फटकन बोलला. “ताई, काकांच्या डोक्यात काही भरवणारा अजून जन्मायचाय. मी नको म्हणत होतो. ते म्हणाले, जन्मभर चाळीसवर बांधून होतो, एकदा मोकळं सोड. इंजेक्टर मी बनवले, पण बसवले त्यांनी. मला बोल्टला हात लावू दिला नाही.”

“आणि काल काय लपवायला आला होतात?”

“लपवायला?” त्याने बॉनेट उघडलं. “प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर नंबर कोरलेला असतो. कुठला इंजेक्टर कुठे बसलाय ते गाडीच्या कॉम्प्युटरला सांगावं लागतं, तेव्हा तो प्रत्येकाला मोजून डिझेल देतो. मी क्रम लावून दिला होता आणि तसाच कॉम्प्युटरमध्ये भरला. पण बसमध्ये इंजिन पुढून मागे, उभं असतं, यात आडवं. काका जन्माचे ड्रायव्हर. त्यांनी पहिला नंबर स्वतःच्या सीटच्या बाजूने मोजला. खरा पहिला पट्ट्याच्या बाजूचा, म्हणजे चारही उलटे. थांबल्यावर गाडी अडखळायची, पण मला वाटलं नवं काम आहे, दोन दिवसांत रुळेल. घरी जेवताना डोक्यात प्रकाश पडला, आणि सकाळी ती बातमी.” त्याने कापडाने हात पुसले. “माझे नोझल घातलेली गाडी अशी खोकत फिरली तर गावात माझी शोभा होईल. हेही आहेच.”

“इंजिन सुटलं असेल तर? थांबलंच नसेल तर?”

तो रागावेल असं तिला वाटलं होतं. तो रागावला नाही. “नंबर उलटे झाले म्हणून इंजिन सुटत नाही. पण टर्बो दगा देऊ शकतो. तिथे मी नव्हतो, ताई. गाडी कशी सापडली, ते तुम्ही ऐकलंय.”

तिने ऐकलं होतं. इस्त्रीवाल्याने दारात उभं राहून सगळं सांगितलं होतं आणि तिने ते कानाआड केलं होतं. गाडी रस्त्याच्या कडेला, हॅन्डब्रेक ओढलेला, चाकं फुटपाथाकडे वळवलेली. इंजिन बंद. दवाखान्यात बाबांचे कपडे हातात दिले, तेव्हा किल्ली शर्टाच्या खिशात होती. किल्ली खिशात घातल्याशिवाय बसची सीट सोडायची नाही, हा त्यांचा जुना शिरस्ता. छातीत कळ आली असताना त्यांनी सगळं जागच्या जागी केलं होतं. आणि गाडीने त्यांचं ऐकलं होतं.

तिने गाडीवर हात ठेवला. मग म्हणाली, “नंबर मी वाचते. तुम्ही भरा.”

“मला वाचता येतात की.”

“येत असतील. पण मी वाचणार आणि तुम्ही भरलेलं परत मला वाचून दाखवणार. आमच्या धंद्यात असंच करतात.”

“अगदी काकांची मुलगी,” तो पुटपुटला आणि त्याने टॉर्च तिच्या हातात दिला. पट्ट्याच्या बाजूने तिने एकेक अक्षर, एकेक आकडा वाचला. एकदा त्याने आठाच्या जागी तीन भरला. तिने पकडला. त्याने दुरुस्त केला. इंजिन सुरू झालं आणि ठसका गेला.

परतताना ती टाकीच्या चढाकडे वळली. वळण आलं. तिचा हात सवयीने गिअरवर गेला आणि तिथेच थांबला. तिसऱ्यावरच गाडी वळली. पाठ सीटला टेकली. आरशात मागचा रस्ता स्वच्छ होता.

माथ्यावर इस्त्रीवाल्याच्या टपरीपुढे तिने गाडी कडेला घेतली, हॅन्डब्रेक ओढला, चाकं फुटपाथाकडे वळवली. शेजारच्या सीटवर, जिथे त्या दिवशी ती बसली होती, तिकडे बघत ती म्हणाली,

“वाटतो, बाबा. खूप फरक वाटतो. मला तेव्हाच कळला होता.”