तात्पुरता वेग

मित्रांनो, किती वाजले ते मला विचारू नका. ते मला कधीच ठाऊक नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळाचा थाट वेगळा. त्याला सकाळ असते, संध्याकाळ असते, त्याच्याकडे बघून माणसं जेवतात आणि झोपतात. मी एक जुनं स्टॉपवॉच आहे. कुणीतरी माझ्या डोक्यावरची कळ दाबावी, मी धावावं. पुन्हा दाबावी, मी थांबावं. तिसऱ्यांदा दाबली की माझा काटा शून्यावर यावा, एवढंच माझं काम. काटा शून्यावर आला की मी मागचं सगळं विसरतो, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका म्हाताऱ्या कारागिराने माझ्या पोटात केसासारखी बारीक स्प्रिंग बसवली. ती बसवताना तो श्वास रोखून धरायचा आणि एकदा बसली की शेजारच्यावर उगाच खेकसायचा. कारखान्यातल्या सर्वांत भरवशाच्या घड्याळाशेजारी ठेवून त्याने मला दिवसभर पळवलं. संध्याकाळी मला डबीत घालताना तो म्हणाला, "हा खोटं बोलायचा नाही." त्या वाक्याचा मला फार गर्व होता. अजूनही आहे, पण हल्ली तो टोचतो.

मला विकत घेतलं वाहतूक प्रवाह संशोधन समितीने. नाव ऐकून दडपून जाऊ नका. एका कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर लांबट टेबलाभोवती बसणारी ती चार-पाच माणसं होती. अंगातला कोट कधीही न उतरवणारे अध्यक्ष होते, रस्ते बांधणारे एक इंजिनिअर होते, वाहतूक पोलिसांतले एक साहेब होते, एक गणितज्ञ होते आणि सगळ्यांत लहान अशा आमच्या बाई होत्या. गाड्या कुठे तुंबतात, का तुंबतात आणि त्या मोकळ्या कशा कराव्यात यावर त्यांचा खल चाले. गणितज्ञांचं म्हणणं असं की, गाड्या म्हणजे पाणी आणि रस्ता म्हणजे नळ. यावर पोलीस साहेब म्हणायचे, "अहो, पाणी हॉर्न मारत नाही, शिव्याही देत नाही." मग दोघांची जुंपायची. यांच्या बैठका मात्र कधी वेळेवर सुरू झाल्या नाहीत, कारण निम्मे सभासद वाटेत गर्दीत अडकलेले असायचे.

मी असायचो बाईंच्या गळ्यात, काळ्या दोरीला. बाईंचं चालणं म्हणजे निम्मं पळणंच. त्यांची मोठी बहीण त्यांना 'भिंगरी' म्हणायची, ते उगाच नाही. उन्हातान्हात आम्ही चौकाचौकांत उभे राहिलो. सिग्नल हिरवा झाला की पहिली गाडी हलायला किती वेळ लागतो, शेवटची कधी सुटते, मधल्या गाड्यांची रांग कुठवर जाते, सगळं आम्ही मोजलं. धुराने माझी काच काळवंडायची. बाई ती पदराने पुसायच्या आणि पुन्हा कळ दाबायच्या. ते दिवस मला फार आवडायचे. आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत, ही भावना धातूलाही ऊब देते.

मग अहवाल छापायला द्यायची वेळ आली. टेबलावर कागद पसरले होते. गणितज्ञांनी एका तक्त्यातल्या रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. "माणूस रस्ता किती वेगाने ओलांडतो? हा आकडा कुठाय?"

महिनोन् महिने गाड्या मोजल्या होत्या. चालणारी माणसं मोजायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आता कुठे चौकात जाऊन बसणार?" इंजिनिअर म्हणाले. "छापखान्याचा माणूस खाली येऊन थांबलाय."

अध्यक्षांनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, आपण काय गाड्या आहोत? आपणही माणसंच की. चला, उठा."

बाहेर लांबलचक व्हरांडा होता, गुळगुळीत फरशीचा. इंजिनिअरांनी फीत लावून तो मोजला. मग एकेक सभासद या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. अध्यक्षांनी पोट आत ओढलं होतं. पोलीस साहेब कवायतीला निघाल्यासारखे गेले. बाईंची पाळी आली तेव्हा गणितज्ञ म्हणाले, "तुम्ही जरा बेताने हं, नाहीतर माझी सरासरी उडवून द्याल." सगळे हसले. बाई हसत हसत वाऱ्यासारख्या गेल्या. मी प्रत्येकाची वेळ बिनचूक सांगितली. माझ्यात सेकंदाचाही फरक नव्हता.

त्या सगळ्याची सरासरी रिकाम्या चौकोनात बसली. बाईंनीच आग्रह धरला, "याच्यापुढे कंसात 'तात्पुरता' असं लिहू या. पुढच्या महिन्यात रस्त्यावर जाऊन नीट मोजू."

"लिहा, लिहा," अध्यक्ष म्हणाले.

पुढच्या महिन्यात एका पुलाचं काम निघालं, त्यानंतर दुसऱ्या पुलाचं. पुढच्या आवृत्तीत जागा कमी पडली म्हणून कंसातला शब्द गळला आणि आकडा उरला. शहरातल्या प्रत्येक सिग्नलवर पादचाऱ्यांसाठीचा हिरवा माणूस किती वेळ उभा राहणार, ते त्या आकड्यावरून ठरू लागलं. अहवालाची खूप वाहवा झाली. गाड्या खरोखरच मोकळ्या धावू लागल्या आणि समितीच्या बैठकाही वेळेवर सुरू होऊ लागल्या.

मग रस्त्यांत गाड्या मोजणाऱ्या तारा पुरल्या गेल्या, खांबांवर कॅमेरे आले आणि माझी रवानगी खणात झाली. तिथे सुकलेली पेनं होती आणि एका बाजूने खाल्लेलं खोडरबर. अंधारात चावीविना पडून राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. झोपही नाही आणि जागही नाही. किती वर्षं गेली ते मी मोजलं नाही, कारण माझी कळ कुणी दाबलीच नाही.

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी कचेरीतल्यांनी त्यांना विचारलं, "मॅडम, आठवण म्हणून काय देऊ?" त्यांनी खण उघडला, मला बाहेर काढलं आणि जुन्या सवयीने काच पदराने पुसली. मला भरून आलं, मित्रांनो. स्टॉपवॉचला रडता येत नाही म्हणून बरं.

बाईंनी घर घेतलं ते मोठ्या रस्त्याच्या कडेला, मुद्दाम समोर ताई राहायची म्हणून. रस्त्याच्या अलीकडे बाई, पलीकडच्या इमारतीत वरच्या मजल्यावर ताई. एकमेकींशिवाय दोघींना कुणी नव्हतं. ताईचं कंबरेचं हाड मोडल्यापासून ती घराबाहेर पडत नसे, म्हणून रोज संध्याकाळी बाई रस्ता ओलांडून जायच्या आणि दोघी पत्ते खेळायच्या. ताई राजरोस लबाडी करायची. पत्ता मांडीखाली सरकवायची आणि वर म्हणायची, "मी मोठी आहे ना गं? मग मी सांगेन तोच हुकूम."

हळूहळू बाईंचे गुडघे संपावर गेले. हातात काठी आली. भिंगरीचं चालणं आता जमीन चाचपत, थबकत होऊ लागलं. आणि एका संध्याकाळी रस्ता अर्धा ओलांडून होतो न होतो तोच समोरचा हिरवा माणूस लुकलुकला आणि विझला. गाड्या सुटल्या. बाई कशाबशा दुभाजकावर चढून उभ्या राहिल्या. मी त्यांच्या पिशवीत होतो. एक गाडीवाला काच खाली करून ओरडला, "आजी, मरायचंय का? घरी बसा की!" वर गॅलरीत ताई तोंडावर हात धरून उभी होती.

रात्री ताईचा फोन आला. "भिंगरे, उद्यापासून येऊ नकोस. तू तिथे मधे उभी असलीस की मला वरून बघवत नाही."

"अगं, टॅक्सीने येईन."

"समोरच्या दारी यायला कुठला टॅक्सीवाला तयार होतो? नको म्हटलं ना!"

ताईचं खरं होतं. टॅक्सीवाले पत्ता ऐकून मान हलवत निघून जायचे. पादचारी पूल होता, पण त्याच्या पायऱ्या बघूनच बाईंचे गुडघे हात टेकायचे. मग दोघी फोनवर पत्ते खेळू लागल्या. आपापल्या गॅलरीत बसून, कानाला फोन लावून, "मी राणी टाकली," "मी एक्का टाकला" असा डाव चाले. ताईकडे दर डावाला पाच-पाच एक्के निघायचे. बाई हसायच्या, आणि फोन ठेवला की बराच वेळ समोर बघत बसायच्या.

एका सकाळी त्यांनी मला चावी दिली, खाली जाऊन चौकातला हिरवा माणूस किती वेळ टिकतो ते मोजलं आणि तडक समितीच्या कचेरीत गेल्या. आताचे अध्यक्ष त्यांच्याच हाताखाली काम शिकलेले होते. ते उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, तुमचं पटतं," सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "पण एका सिग्नलचा प्रश्न नाही. हा आकडा हलवला तर अख्ख्या शहराचं गणित हलतं. आणि आकडा काही आम्ही ठरवलेला नाही." ते जरा अडखळले. "तुमच्याच समितीचा आहे."

"कसा ठरवला, माहीत आहे?"

"मोठी पाहणी झाली असेल ना."

"ह्या बाहेरच्या व्हरांड्यात ठरवला," बाई म्हणाल्या. "मी चालले होते. तेव्हा माझे गुडघे माझं ऐकत होते."



"चल," बाई काठी टेकत उठल्या, "माझ्याबरोबर एकदा चालून बघ."

अध्यक्ष त्यांच्या सोबतीने निघाले, पण सवयीने चार पावलांतच पुढे गेले. टोकाला पोचून त्यांनी खिशातला फोन काढला. दोन निरोप वाचले, एकाला उत्तर दिलं. मान वर केली तेव्हा बाई व्हरांड्याच्या मध्यावर होत्या, एका हाताने भिंत धरून. दुसऱ्या हातात काठी होती आणि त्याच मुठीत मी चालतच होतो. अध्यक्षांचा चेहरा पडला. ते उलट पावली परत आले आणि त्यांनी बाईंचा हात धरला. "करू या, मॅडम," ते म्हणाले. "नक्की करू या."

आणि त्यांनी खरोखर मनावर घेतलं. पण समितीचं काम समितीच्या चालीने चालतं. उपसमिती नेमली गेली. एका सभासदाचा आक्षेप आला की गाड्या जास्त थांबल्या तर धूर वाढेल. तो मुद्दाही काही खोटा नव्हता. मग धुराची पाहणी ठरली. त्यातलं कुणीही वाईट नव्हतं, प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि घोंगडं भिजत पडलं होतं.

त्याच सुमाराला एका संध्याकाळी फोन वाजला. "भिंगरे, आज पत्ते नकोत," ताई म्हणाली. तिचा श्वास फोनमधून ऐकू येत होता. "शेजारच्यांना बोलावलंय. तू घाबरू नकोस."

बाईंनी पिशवी उचलली आणि चपला अडकवल्या. रस्त्यावर ऐन गर्दीची वेळ होती. हिरवा माणूस उजळला तेव्हा पिशवीतला हात माझ्या कळीवर पडला की त्यांनी मुद्दाम दाबली, मला सांगता यायचं नाही. त्या चालल्या. मनापासून, जीव खाऊन चालल्या. दुभाजकापाशी पोचल्या आणि गाड्या सुटल्या.

पलीकडे ताईच्या इमारतीच्या फाटकातून रुग्णवाहिका बाहेर पडत होती. बाईंनी काठी वर केली, हाक मारली. हॉर्नच्या गदारोळात ती हाक मलाच काय ती ऐकू आली. रुग्णवाहिका डावीकडे वळली आणि गाड्यांनी तिला वाट करून दिली. बाई दुभाजकावर उभ्या होत्या. मी त्यांच्या मुठीत टिकटिकत होतो. मला थांबवायचं त्यांना सुचलं नाही. माझी चावी संपेपर्यंत मी चालत राहिलो.

ताई पुन्हा शुद्धीवर आली नाही.

मी खोटं बोललो नव्हतो, मित्रांनो. व्हरांड्यातही नाही आणि रस्त्यावरही नाही. माझं दुःख हेच आहे की माझं खरं कुणाच्या उपयोगी पडलं नाही. मला कुणी विचारलंच नव्हतं की, ज्याची वेळ मोजतोयस तो कोण आहे आणि कोण चालायचं राहून गेलंय.

काही महिन्यांनी अध्यक्षांचा फोन आला. आकडा बदलला होता. सुरुवात बाईंच्याच चौकापासून केली होती. "थँक यू रे," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या संध्याकाळी त्यांनी मला चावी दिली आणि आम्ही खाली गेलो. त्या कडेलाच उभ्या राहिल्या. हिरवा माणूस उजळला, त्यांनी कळ दाबली. तरुण माणसं भराभर गेली. एक वाकलेले आजोबा पाऊल पाऊल टाकत दुभाजकापाशी आले, तो ओलांडून पुढे गेले आणि पलीकडच्या फुटपाथवर चढले. हिरवा माणूस अजून उभाच होता. बाईंनी मला थांबवलं आणि वर बघितलं. ताईच्या गॅलरीत दुसऱ्या कुणाचे तरी कपडे वाळत होते.

"आता वेळ पुरतो गं, ताई," त्या हळूच म्हणाल्या. मग मागे वळल्या आणि घरी आल्या.

तेव्हापासून मी खिडकीच्या कट्ट्यावर पडून आहे. चावी नाही, दोरी विरली आहे, काटा त्या संध्याकाळच्या वेळेवरच अडकला आहे. मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझं काय, धातूचा जीव. पण तुमचे पाय चांगले आहेत, तुम्ही रस्ता झटकन ओलांडता. पलीकडे पोचलात की तसेच निघून जाऊ नका. एकदा मागे वळून बघा. मधे कुणीतरी उभं असेल.